मालकी एकाची, वहिवाट अनेकांची

साठच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये शनिवारी संध्याकाळी ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका लागायची. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर येण्याच्या फार आधीचा हा काळ. भाग एकदा दाखवला गेला की गेला. पुन्हा बघायला मिळेल याची काही शाश्वती नव्हती. मग काही चाहत्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. रिळांचा टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ ओढायचा, मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीसमोर टेकवायचा, घरातल्यांना गप्प बसायची तंबी द्यायची आणि पंचवीस मिनिटांचा आवाज टेपवर उतरवून घ्यायचा. एकाने तर मायक्रोफोनमध्ये खोलीतले आवाज शिरतात म्हणून थेट टीव्हीच्या आतल्या तारांनाच टेपरेकॉर्डर जोडला. या साऱ्या ध्वनिमुद्रणांत त्याच्या टेपा आजही सगळ्यांत स्वच्छ मानल्या जातात.

तिकडे बीबीसीत नेमकं उलटं काम चालू होतं. व्हिडिओटेप महाग, त्यामुळे ती पुसून पुन्हा वापरली जायची. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईक उरलं नाही. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही हक्कांची मुदत संपली की नष्ट व्हायच्या. सगळं जपून ठेवणं हे कोणत्याच एका खात्याचं काम नव्हतं. १९७८मध्ये हा प्रकार थांबला, तोवर पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी कितीतरी गेले होते. पुढे काही सापडले. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्रातून नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याचं जाहीर झालं. तरीही जवळपास शंभर भागांचं चित्र आजही हरवलेलंच आहे.

आवाज मात्र आहे. हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज आहे, आणि तो त्या घरगुती टेपांमुळे आहे.

मी हे भाग ऐकते. ‘द पॉवर ऑफ द डेलेक्स’ ही १९६६ची सहा भागांची कथा मला त्यातली सगळ्यांत जवळची. मुख्य नटच बदलायचा आणि मालिका पुढे चालू ठेवायची, हा धाडसी प्रयोग तिथे पहिल्यांदा झाला. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल बाहेर पडले, त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. नवा डॉक्टर पेटी उचकतो, स्वतःशीच काहीबाही पुटपुटतो, मध्येच रेकॉर्डर नावाची बासरी काढून वाजवतो. बेन आणि पॉली हे त्याचे सोबती त्याच्याकडे संशयाने बघत असतात. हे सगळं कानांनी घ्यायचं. संवाद नसलेल्या लांबलचक जागा येतात, नुसती पावलं आणि संगीत. काय चाललंय ते आपणच रचायचं. बेनला वाटणारा संशय मग आपल्यालाही वाटायला लागतो, कारण हा नवा माणूस कसा दिसतोय, कसा हसतोय, ते आपल्यालाही दिसत नसतं. इतक्या एकाग्रतेने मी धडधाकट चित्र असलेले भागसुद्धा कधी बघत नाही.

चाहते नुसता आवाज जपून थांबले नाहीत. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत असत. आपण केलेलं काम दुसऱ्याला दाखवायला त्यांच्याजवळ दुसरा पुरावा नसायचा. हे फोटो बऱ्याच हरवलेल्या भागांचे उरले आहेत. चाहत्यांनी फोटो आणि आवाज यांची सांगड घातली, खाली माहितीच्या ओळी सरकवल्या आणि अख्खे भाग पुन्हा उभे केले. कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, भाग भरून कॅसेट घरी यायची. पैशांचा व्यवहार नाही. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाहत्याने तिथल्या सेन्सॉरने भीतिदायक म्हणून कापलेले तुकडे सरकारी दप्तरातून शोधून काढले. काही भागांचं बाकी सगळं चित्र नाहीसं झालं आणि कापलेलं तेवढं राहिलं, मग तेही या जोडकामात बसवलं गेलं. २०१६मध्ये, मूळ प्रक्षेपणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, बीबीसीने ‘पॉवर’चे सहाही भाग ॲनिमेशनमध्ये आणले. त्यातला आवाज चाहत्यांनी घरी उतरवलेल्या टेपांचाच.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की ‘मीडिया कन्व्हर्जन्स’ म्हणजे माध्यमांचा संगम हा विषय निघाला की गोष्ट कंपन्यांपासून सुरू केली जाते. एकाच उद्योगसमूहाकडे चित्रपट, मालिका, कॉमिक्स, खेळ आणि खेळणी आली. मग इंटरनेट आलं, मोबाइल आला, आणि प्रेक्षकाला ‘सहभागी’ करून घेण्यात आलं. हा क्रम मला मान्य नाही. दूरचित्रवाणीतला आवाज टेपवर, टेपवरचा आवाज छायाचित्रांवर, ते दोन्ही कॅसेटवर आणि कॅसेट टपालाने देशोदेशी, हा संगम प्रेक्षकांनी आपल्या हातांनी घडवला होता, आणि ज्यांच्या नावावर मालिकेची मालकी होती ते या कामाची सुरुवात होत होती त्या काळात टेपा पुसत होते. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने २००६च्या ‘कन्व्हर्जन्स कल्चर’मध्ये म्हटलंच आहे की हा संगम यंत्रांत घडत नाही, तो माणसांच्या डोक्यात आणि त्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत घडतो. जेन्किन्स स्वतः चाहत्यांमधले; १९९२पासून ते ‘सहभागी संस्कृती’ हा शब्दप्रयोग चाहत्यांच्या कामासाठी वापरत आले आहेत. मला त्यांच्या पुढे एक पाऊल टाकावंसं वाटतं. जमिनीचा सातबारा एकाच्या नावावर असतो आणि तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालून पडलेल्या वाटेवर गावाचा हक्क असतो, तसा काहीसा हक्क या गोष्टींवर चाहत्यांचा आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याला अजून नीट जागा मिळालेली नाही, पण तो आहे.

विज्ञानकथेत ही वाट कधीपासून पडली? ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं. त्यातल्या वाचकांच्या पत्रांखाली ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापत. झालं, एवढंच पुरलं. वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहू लागले. मंडळं निघाली, १९३०पासून हौशी अंक निघू लागले, दहा वर्षांनी त्यांना ‘फॅनझिन’ हे नावही मिळालं. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मुलांनी ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा छापलं ते १९३३च्या जानेवारीत, आपल्या स्वतःच्या फॅनझिनमध्ये. तो सुपरमॅन खलनायक होता, अंगरख्याचा नायक नंतर आला. रे ब्रॅडबरी विशीत शिरण्याआधी फॅनझिन काढत होते. जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून हिंडले. दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी शिवले होते. ॲकरमन यांचं नाव सगळीकडे निघतं, शिवणारीचं कमी निघतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

‘स्टार ट्रेक’ची कथा तशी पुष्कळांना ठाऊक असते, पण तिच्यातल्या बायका ठाऊक नसतात. ही अंतराळमालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभारली. बिजोबाईंची शिस्त वाखाणण्यासारखी होती. दहा जणांना लिहायला सांगा, त्या प्रत्येकाला आणखी दहा जणांना सांगायला सांगा. छापील मजकूर पाठवू नका, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहा. एनबीसीकडे लाखाहून जास्त पत्रं आली, आणि १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरूनच सांगावं लागलं की मालिका परत येणार आहे. तिसरं पर्व मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. ज्या तरुण प्रेक्षकांनी मालिका वाचवली ते नेमके त्या वेळी घराबाहेर. १९६९मध्ये मालिका संपली. मात्र आता हातात ७९ भाग होते, स्थानिक वाहिन्यांवर रोज दाखवता येतील इतके, आणि सत्तरच्या दशकात मालिकेचा खरा प्रेक्षक तयार झाला तो या रोजच्या पुनःप्रक्षेपणामुळे. तिसरं पर्व नसतं तर हा साठा तोकडा पडला असता. पुढच्या सगळ्या चित्रपटांचं, मालिकांचं, त्यातून आलेल्या पैशांचं मूळ त्या टपालाच्या गोण्यांमध्ये आहे.

‘स्पॉकानालिया’ हा या मालिकेचा पहिला फॅनझिन १९६७मध्ये दोन तरुणींनी काढला. पुढे दशकभर अशा अंकांचा पूर आला. लिहिणाऱ्या, टंकणाऱ्या, सायक्लोस्टाइलच्या हँडलवर हात काळे करणाऱ्या बहुतेक बायकाच. मालिकेतले दोन नायक कर्क आणि स्पॉक यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या, पुढे प्रेमाच्या, कथा त्यांनी लिहिल्या. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ मारण्याची पद्धत तिथून आली आणि त्या रेघेवरून एका अख्ख्या कथाप्रकाराचं ‘स्लॅश’ हे नाव पडलं.

कॅन्डी फाँग यांनी १९७५मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यांत सुंदर काम वाटतं. त्यांच्याकडे ‘स्टार ट्रेक’च्या संकलनात कापून टाकलेल्या फिल्मचे तुकडे होते. त्यांच्या त्यांनी स्लाइड केल्या, त्या गाण्याच्या तालावर एकेक करून पडद्यावर टाकल्या आणि चाहत्यांपुढे सादर केल्या. संगीतावर प्रसंग जोडून नवा अर्थ सांगण्याची ‘व्हिडिंग’ नावाची कला तिथे जन्मली. घरी व्हीसीआर आल्यावर ती वाढली, पण सोपी काही झाली नाही. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकावर मूळ भाग चालवायचा, दुसऱ्यावर हवा तेवढा तुकडा उतरवायचा. रेकॉर्डिंग थांबवलं की यंत्र टेप थोडी मागे सरकवायचं आणि आधीच्या तुकड्याचं शेपूट पुसलं जायचं. किती मागे सरकवतं हे प्रत्येक यंत्राचं वेगळं. त्यावर कडी म्हणजे सगळे तुकडे लागेपर्यंत गाणं टेपवर चढवता येत नसे. म्हणजे कोणत्या शब्दाला कोणती नजर वळणार, कोणत्या ठोक्याला दार उघडणार, हे सगळं स्टॉपवॉच हातात धरून आधी मोजायचं, आपल्या यंत्राची खोड त्यातून वजा करायची, रात्रभर जागून तीन मिनिटांचं काम पुरं करायचं आणि मग शेवटी गाणं चढवल्यावर कळायचं की जमलं की नाही. चुकलं तर पहिल्यापासून. हे करणाऱ्या बायकांना यातून पैसा मिळत नव्हता, नावही बहुतेकदा मिळत नव्हतं. आज फोनवर बोटाने प्रसंग कापून गाण्यावर बसवणाऱ्या कोट्यवधी लोकांना ही आपली पूर्वजा आहे हे माहीतसुद्धा नसेल.

आता मालकांकडे वळते. त्यांनाही वाट दिसत होतीच. ‘स्टार वॉर्स’ १९७७मध्ये आला, त्याचे फॅनझिन लगोलग निघाले आणि तो काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने त्यांच्याकडे बहुतेक कानाडोळा केला. १९८१मध्ये मात्र कंपनीच्या चाहता मंडळाकडून फॅनझिनवाल्यांना पत्रं गेली: आमच्या पात्रांच्या शृंगारिक कथा चालणार नाहीत. २०००मध्ये कंपनीने चाहत्यांना आपल्या संकेतस्थळावर फुकट जागा देऊ केली. अट अशी होती की तिथे चाहते जे घडवतील ते कंपनीच्या मालकीचं होईल. २००२पासून अधिकृत लघुपट स्पर्धा सुरू झाली. तिच्यात विडंबन चालेल, माहितीपट चालेल. मूळ कथा पुढे नेणारं काल्पनिक काही चालणार नाही. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखा दिसतो. पण विडंबनपट काढणारे बहुतेक पुरुष होते, आणि पात्रांच्या मनात शिरून कथा लिहिणाऱ्या, व्हिड जोडणाऱ्या बहुतेक स्त्रिया. म्हणजे दार उघडलं आणि उघडतानाच निम्मी माणसं बाहेर राहतील अशी व्यवस्था झाली. काल्पनिक कथेला स्पर्धेत जागा मिळाली ती २००७मध्ये.

‘स्टार ट्रेक’च्या बाजूने हीच गोष्ट पुढे कोर्टात गेली. ‘ॲक्सनार’ नावाच्या चित्रपटासाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरपेक्षा जास्त वर्गणी गोळा झाली, व्यावसायिक कलाकार आले, स्टुडिओ उभा राहिला. डिसेंबर २०१५मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंटने दावा लावला, जानेवारी २०१७मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात, जून २०१६मध्ये, सगळ्याच चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम आले. एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटांची; पुढचे भाग, पर्वं काढायची नाहीत; वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या आत; काम करणाऱ्यांनी मोबदला घ्यायचा नाही, आणि पूर्वी ‘स्टार ट्रेक’मध्ये पगारी काम केलेलं कुणी त्यात नको. दहा लाख डॉलर गोळा करणाऱ्याला मर्यादा हवी हे मला पटतं. इतक्या पैशांचा व्यवहार झाला की हौस आणि धंदा यांतली रेघ पुसट होते. पण वर्षानुवर्षं पदरमोड करून, लाकडाचा कंट्रोल रूम रंगवून, तासाभराचे भाग मनापासून काढणाऱ्यांनाही तोच नियम लागला. त्यांच्यापैकी काहींमध्ये तर मूळ मालिकेतले जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर कोनिग यांनी आनंदाने कामं केली होती. ते दार बंद झालं आणि त्यातून कुणाचा काय फायदा झाला ते मला आजवर दिसलेलं नाही.

कंपन्यांनी स्वतः घडवलेला संगम बघायचा तर २००३चं ‘मेट्रिक्स’ बघावं. वाचोव्स्की बहिणींनी एकच गोष्ट मुद्दाम तुकड्यांत विभागली होती. यंत्रं खाली झायन या माणसांच्या शहराच्या दिशेने खोदत येत आहेत, हे ‘ओसिरिस’ या जहाजाच्या लोकांना एका ॲनिमेशनपटात कळतं. मरण्याआधी ते निरोप टपालात टाकतात. तो निरोप टपालातून सोडवून आणायचं काम व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला करावं लागतं. आणि ‘रीलोडेड’ चित्रपटात त्या निरोपावर चर्चा चालू असलेली दिसते. गेमसाठी तासाभराचं चित्रीकरण चित्रपटाच्याच नटांना घेऊन केलेलं. ही रचना मला आजही थरारून टाकते. एका माध्यमात हातातून सुटलेलं पाकीट दुसऱ्या माध्यमात आपल्या हाती येतं. नुसता चित्रपट बघून पुष्कळ लोक गोंधळून बाहेर पडले, त्यांची तक्रारही रास्त होती. तरी मला खटकतं ते दुसरंच. या सगळ्या मांडणीत प्रेक्षकाने शोधायचं होतं, जुळवायचं होतं, विकत घ्यायचं होतं. भर घालायची नव्हती. सहभाग होता, पण आखून दिलेला. हरवलेल्या भागातली पावलं ऐकून चित्र मनात रचणारा माणूस आणि लपवून ठेवलेला तुकडा शोधणारा माणूस यांत मला मोठं अंतर दिसतं.

तरी मालक सगळे सारखे नसतात, आणि कधी कधी त्यांचेही हात बांधलेले असतात. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचे कर्ते जे. मायकल स्ट्राझिन्स्की नव्वदच्या दशकात युजनेट या इंटरनेटवरच्या चर्चागटांत रोज चाहत्यांशी बोलायचे. एकच विनंती असायची, कथेच्या कल्पना इथे मांडू नका. एकदा कुणीतरी मांडली, आणि ती त्यांच्या मनात असलेल्या कथेच्या इतकी जवळ निघाली की तो भाग त्यांना बाजूला ठेवावा लागला. उद्या चोरीचा आरोप आला तर काय? त्या चाहत्याने रीतसर लेखी हमी दिल्यावर तो भाग मार्गी लागला आणि १९९५मध्ये दाखवला गेला. मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत त्याची गणना होते. त्याच सुमारास ‘स्टार ट्रेक’च्या कार्यालयाने, लेखनप्रमुख मायकल पिलर यांच्या आग्रहामुळे, याच अडचणीवर सोपा उपाय चालवला होता: हक्कसोडीच्या कागदावर सही करा आणि कुणीही पटकथा पाठवा. रोनाल्ड मूर नावाच्या एका चाहत्याची पटकथा पिलर यांनी उचलली, १९८९मध्ये तिचा भाग झाला. मूर पुढे तिथलेच लेखक झाले आणि नंतर त्यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी मालिका नव्याने उभी केली. दार उघडं ठेवण्यासाठी एक कागद पुरला.

असे दाराआत आलेले पुष्कळ आहेत. २००५मध्ये ‘डॉक्टर हू’ परत आणणारे रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचे चाहते. बारावा डॉक्टर झालेले पीटर कपाल्डी यांचं पंधराव्या वर्षी लिहिलेलं कौतुकाचं पत्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आलेलं होतं. पण मला लेखक-नटांपेक्षा ली टाउझी आणि ऑलिव्हर स्टीपल्स यांची गोष्ट जास्त आवडते. जगभरचे काही लोक घरच्या गॅरेजमध्ये ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू हा यंत्रमानव बनवतात. आपसांत नकाशे वाटून घेतात, अवघड भाग एकदम बऱ्याच जणांसाठी मिळून बनवून घेतात, कुठल्या चित्रपटात निळ्या पट्टीची छटा कशी होती यावर तासन्‌तास बोलतात. २०१३मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या संमेलनात निर्मात्या कॅथलीन केनेडी त्यांच्या दालनात आल्या. लागलंच तर आम्ही आहोत, असं त्यांना सांगितलं गेलं, आणि पुढच्या चित्रपटासाठी आर-टू बनवायला याच दोघांना बोलावणं आलं. चित्रपटातला यंत्रमानव बघून गॅरेजमध्ये नक्कल झाली आणि तीच पुढे मूळ झाली.

वहिवाटीचा हक्क म्हटलं की तो गाजवणारेही निघतात. हे टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. डिसेंबर २०१७मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये केली मरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीने ‘रोझ’ नावाच्या पात्राची भूमिका केली. तिच्यावर वंशावरून, दिसण्यावरून इतकी गलिच्छ झोड उठली की पुढच्या वर्षी तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. त्याआधी ‘स्टार वॉर्स’च्याच १९९९च्या चित्रपटात जार जार हे पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्टवर असाच राग निघाला होता. आपण तेव्हा जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो असं त्याने जवळपास वीस वर्षांनी सांगितलं. हे करणारे स्वतःला सगळ्यांत खरे चाहते म्हणवतात. माझ्या लेखी ते वाटेवरचे लोक नाहीतच. वाट पडते ती चालून, राबून, काहीतरी करून. टेप जपून, अंक छापून, पोशाख शिवून. यांनी वाटेत कुंपण घातलं आणि इथून कोणी चालायचं ते आम्ही ठरवू असं म्हटलं. मालकाने असं केलं तर मला राग येतो, चाहत्याने केलं तर जास्त येतो.

२००७मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने चाहत्यांच्या कथांचं मोठं संकेतस्थळ काढलं. कथा बायकांच्या, कमाई कंपनीची, आणि हक्कांवरून भानगड झाली तर जबाबदारी लिहिणारीची, अशा थाटाच्या अटी होत्या. त्यावर चाहत्यांमध्ये जो संताप उसळला त्यातून एका लेखिकेने प्रश्न मांडला: आपलं स्वतःचं घर आपण का बांधू नये? त्याच वर्षी ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि नोव्हेंबर २००९मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहत्यांच्या कथांचा इंटरनेटवरचा संग्रह सर्वांसाठी सुरू झाला. जाहिराती नाहीत. प्रणाली स्वयंसेवकांनी लिहिलेली, त्यांतल्या कित्येक जणी त्यासाठीच प्रोग्रॅमिंग शिकलेल्या. यंत्रं चालतात देणग्यांवर, कायदेशीर बाजू सांभाळायला वकिलांचा गट आहे तोही विनामोबदला. तिथलं वर्गीकरण तर बसून बघण्यासारखं आहे. लिहिणारीने आपल्या कथेला हवी ती खूणचिठ्ठी आपल्या शब्दांत लावावी. कुणी ‘कर्क/स्पॉक’ लिहितं, कुणी दोघांची पूर्ण नावं लिहितं, कुणी उलट्या क्रमाने, कुणी दोन अक्षरांत उरकतं. ‘टॅग रँगलर’ म्हणवणारे स्वयंसेवक या सगळ्या चिठ्ठ्या हाताने एकमेकींना जोडत राहतात, म्हणजे शोधणाऱ्याला सगळ्या कथा एकत्र मिळतात आणि लिहिणारीचे शब्दही कुणी बदलत नाही. कंपन्यांनी एवढी यंत्रणा उभारली असती तर लिहिणाऱ्यालाच यादीतून शब्द निवडायला लावले असते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात या संग्रहाला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, गर्न्सबॅक यांच्याच नावाचा. तोवर तिथे पन्नास लाखांच्या आसपास कलाकृती जमल्या होत्या. संस्थापकांपैकी एक, कादंबरीकार नाओमी नोविक, पुरस्कार घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले आणि ज्यांना हे आपलं वाटतं त्यांनी उभं राहावं असं म्हटलं. ठिकठिकाणी माणसं उभी राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांत एक वाद झाला. संग्रहात एखादी कथा टाकलेले लोक आनंदाने स्वतःला ‘ह्यूगो विजेते’ म्हणवू लागले, कुणी तशा पिना बनवून विकायला काढल्या. ‘ह्यूगो’ हे नाव ज्यांच्या नावावर नोंदलेलं आहे ती संस्था चाहत्यांचीच, १९३९पासून चालत आलेल्या संमेलनांची. तिने हरकत घेतली: पुरस्कार संग्रहाला आहे, एकेका लेखिकेला नाही, आणि आमचं नोंदणीकृत चिन्ह असं वापरता येणार नाही. नियमाने तिचं बरोबर होतं. नाव जपलं नाही तर कुणीही व्यापारी ते वापरेल ही तिची भीतीही खरी होती. तरी माझा कल दुसरीकडे जातो. पत्त्यासकट पत्रं छापली गेली तेव्हा वाचक एकमेकांना सापडले आणि त्यातूनच ही संस्था, ही संमेलनं, हा पुरस्कार उभा राहिला. पन्नास लाख कथांमधली आपली एक कथा टाकून गेलेली मुलगी तो पुरस्कार थोडासा आपलाही म्हणत असेल, तर पिनांचा प्रश्न वेगळा काढून सोडवावा आणि तिला तेवढं म्हणू द्यावं.